ग्रॅनाइटच्या टेकड्यांना पायऱ्या नकोत, गोल फिरून यायची पायवाट द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पाऊस ओसरत आला की पेपरात पर्यटनावरची पत्रं सुरू होतात, कुणाला रोपवे पाहिजे, कुणाला काचेचा पूल, कुणाला टेकडीवर गावाच्या नावाची लाइटिंगची पाटी. मला यातलं काहीच नकोय. मला फक्त दोन-तीन किलोमीटरची पायवाट पाहिजे, तीपण आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर-बिलोलीकडच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवरून, जिथून निघालो तिथंच परत येणारी, आजी आणि नात दोघींना चालता येईल अशी. एवढ्याचसाठी हे लांबलचक पत्र लिहितोय, जागा असेल तर छापा, नसेल तर काटछाट करा पण पायऱ्यांबद्दलचं तेवढं राहू द्या.

नांदेडहून हैदराबादला आपले लोक सारखेच जातात, दवाखाना, नोकरी, लग्नाची खरेदी, काही ना काही असतंच. नायगाव, नरसी मागं पडलं आणि गाडी देगलूरकडे लागली की खिडकीबाहेर बघा. काळी माती हळूहळू संपते, लालसर रेताड जमीन लागते आणि शेताच्या मधेच गोल गोल दगडांचे ढीग दिसायला लागतात, एकावर एक, कुणीतरी मुद्दाम रचून ठेवल्यासारखे. आपल्या महाराष्ट्राला सवय बसाल्टची, लाव्हा थंड होऊन झालेल्या काळ्या दगडाची, म्हणजे सह्याद्रीसारखे कडे, टप्पे, सपाट माथे. तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याची पूर्वेकडची किनार आपल्याच जिल्ह्यात संपते. तिथून पुढं खालचा जुना पाया उघडा पडतो, तो हा ग्रॅनाइट. हैदराबादच्या ग्रॅनाइटचं वय जवळपास अडीचशे कोटी वर्षं सांगतात, आणि आपल्याकडचा दगडपण त्याच जुन्या पायाचा भाग. म्हणजे रायगडाच्या कातळापेक्षा हैदराबादचा दगड अडतीसपट म्हातारा, आणि आपण त्याच्याकडे बघतो ते खडीचा भाव काय चाललाय म्हणून.

ते ढीग कुणी रचलेले नाहीत. हा दगड जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल थंड झाला, वरचं ओझं झिजून गेलं तसा तो सैल पडला आणि कांद्यासारखे त्याचे पापुद्रे सुटायला लागले, वरून गुळगुळीत घुमट दिसतात ते त्यामुळं. आणि जिथं उभ्या-आडव्या भेगा होत्या तिथं पाणी आत शिरलं, प्रत्येक चौकोनी तुकड्याचे कोपरे आधी कुजले, हे सगळं मातीखालीच चालू होतं, मग माती वाहून गेली आणि आतले गोल गाभे तेवढे जागच्या जागी उरले. शाळेत भूगोलाच्या तासाला लेकरांना हे फळ्यावर कितीही सांगा, डोक्यात शिरत नाही, पण अशा घुमटावर नेऊन एखाद्या सुटलेल्या पापुद्र्यावर हलकं टकटक करायला लावा, खालून पोकळ आवाज येतो आणि विषय संपतो. (त्या पापुद्र्यावर उड्या मात्र मारू देऊ नका.)

आता वाटेचं. गोल वाटच का म्हणतोय त्याला कारण आहे. आपल्याकडं टेकडी म्हटलं की पायथ्यापासून माथ्यापर्यंत सरळ पायऱ्या, वर एक शेड, लोखंडी रेलिंग, आणि त्याच वाटेनं खाली. हंपीजवळ अंजनाद्रीला गेलेले हजारो लोक असतील आपल्यात, ५७५ पायऱ्या, चढणारे आणि उतरणारे एकाच पट्ट्यात, सुट्टीच्या दिवशी मधे श्वास घ्यायला थांबायची सोय नाही. तिथं देवस्थान आहे, श्रद्धा आहे, तिथलं ठीक आहे, मी काही म्हणत नाही. पण प्रत्येक टेकडीला तेच का? ज्याचे गुडघे दुखतात तो पहिल्या पन्नास पायऱ्यांवरच बसतो. ग्रॅनाइटच्या घुमटाला बहुतेक वेळा एक बाजू उतरती, सौम्य असते आणि दुसरी बाजू तुटलेली, दगडांच्या राशीची. सौम्य बाजूनं तिरकं तिरकं वर जायचं, माथ्यावरून थोडं चालायचं, परत त्याच अंगाला जरा लांबून उतरायचं आणि मग पायथ्याच्या झाडीतून वळसा घालून गेटपाशी. पाय न दुखता तासाभराचा फेरा. माणसं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, वाट रुंद होत जात नाही, आणि एकाच गेटवर एक माणूस बसवला की आत किती गेले बाहेर किती आले याचा हिशोब लागतो. सगळ्यांनी एकाच दिशेनं फिरायचं, एवढा एक नियम. ग्रॅनाइटवर चढण्यापेक्षा उतरताना जास्त घसरतं, म्हणून उतार सगळ्यात सौम्य जागीच ठेवायचा, फोटो कुठून चांगला येतो त्यावरून नाही.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नवीन खूळ नाही. हैदराबादला ज्युबिली हिल्सच्या ऐन मधे केबीआर पार्क आहे, कासू ब्रह्मानंद रेड्डी नॅशनल पार्क. १९९८ ला नॅशनल पार्क झालं, क्षेत्र दीडशे हेक्टरच्या आसपास, आत निजामाच्या घराण्याचा चिरान पॅलेस, आणि बाकी सगळं ग्रॅनाइट आणि झुडपी जंगल. चारी बाजूंनी शहर इतकं दाटलंय की बाहेर हॉर्न थांबत नाहीत आणि आत मोर ओरडत असतात. माझी मुलगी तिकडं असते, गेलो की सकाळचा फेरा तिथंच असतो. तिकीट काढायचं, आतल्या मातीच्या वाटेनं गोल फिरायचं, बाहेर यायचं. वाटेत मोठमोठ्या शिळा, त्यांच्या कडेनं झाडी, कुठं सरडा ऊन खात बसलेला. हा दगडावरचा सरडा एकदा बघाच, विणीच्या दिवसात नराची पाठ शेंदरी-लाल आणि बाजू काळीकुट्ट, बाकी वर्षभर तोच सरडा दगडाच्या रंगाचा, शेजारून गेलं तरी कळत नाही. सत्तरीच्या बायका साडीवर बूट घालून तिथं झपझप चालतात, मराठी पण ऐकू येतं मधेमधे, आपली माणसं कमी नाहीत तिकडं.

हैदराबादला तर १९९६ पासून दगड वाचवायची एक सोसायटीच आहे, सोसायटी टू सेव्ह रॉक्स म्हणून. ती माणसं लोकांना घेऊन दगडांमधून फिरायला जातात, रॉक वॉक म्हणतात त्याला, आणि त्यांच्याच पाठपुराव्यानं शहराच्या हेरिटेज यादीत जुन्या वाड्यांबरोबर चक्क काही शिळांची नावं लागली. दगडाला हेरिटेज म्हणायचं, हे आपल्याकडं कुणाला सांगितलं तर हसतील. आणि तरीसुद्धा तिथं सगळं आलबेल आहे असं नाही. २०२५ च्या मार्चअखेरीस हैदराबाद विद्यापीठाला लागून असलेल्या कांचा गच्चीबोवलीच्या चारशे एकरांवर बुलडोझर चालले, पोरं रस्त्यावर आली, आणि ३ एप्रिलला सुप्रीम कोर्टानं स्वतःहून दखल घेऊन झाडतोड थांबवली. त्या खंडपीठावर न्या. भूषण गवई होते, आपल्या अमरावतीचे, पुढच्याच महिन्यात ते सरन्यायाधीश झाले. तोवर शंभरेक एकर साफ झालेलं होतं आणि कोर्टानं सरकारला विचारलं की हे परत कसं उभं करणार ते सांगा. त्याच विद्यापीठाच्या आवारात ती प्रसिद्ध मशरूम रॉक आहे, भूछत्रीच्या आकाराची शिळा. मुद्दा हा की सरकारी कागदावर ती नुसती मोकळी पडीक जमीन होती, आणि तिथं रोज पायी फिरणाऱ्या पोरांना मात्र तिथं हरणं आहेत, मोर आहेत, चांदणी कासवं आहेत हे ठाऊक होतं. माणसं रोज चालतात त्या जागेचा आवाज होतो. आपल्या टेकड्यांवर कोण चालतं? गुराखी आणि डंपरवाले. गुराख्याचं कुणी ऐकत नाही आणि डंपरवाला कशाला बोलेल.

पडीक या शब्दावरून अजून एक सांगायचंय, कारण तिथंच सगळे फसतात. वरून बघितलं तर उघडा दगड आणि खुरटी झुडपं, म्हणजे काही नाही. पण जिथं कुऱ्हाड थांबली आणि चराई थोडी कमी झाली तिथं हे जंगल आपलं आपण उठायला लागतं, आणि त्याचा एक क्रम असतो. आधी तरवड आणि सीताफळ, कारण शेळी यांचा पाला खात नाही. मग त्या झुडपांच्या आडोशाला दुसऱ्या झाडांची रोपं तग धरतात, कडुनिंब, बोर, धावडा. पळसाला तर बियांचीपण गरज नाही, तोडलेल्या बुंध्यातून आणि मुळ्यांतून तो परत फुटतो. शिळांच्या भेगेत पिंपळ आणि पायर आधीच शिरलेले असतात, आणि नशीब असेल तर एखादं कांडोळ, त्याची पांढरी गुळगुळीत साल रात्रीच्या वेळी बघितली तर घाबरायला होतं. गंमत अशी की सगळ्यात दाट झाडी दगडाच्या वर नसते आणि लांबच्या मातीतही नसते, ती घुमटाच्या पायथ्याला गोल पट्ट्यात असते. उघड्या दगडावर पडलेला पाऊस मुरत नाही, सगळा घरंगळून पायथ्याला येतो, म्हणजे त्या पट्ट्याला आसपासच्या शिवारापेक्षा कितीतरी जास्त पाणी मिळतं. म्हणून मी म्हणतो गोल वाटेचा निम्मा भाग त्या पट्ट्यातून न्या, सावली तिथं आहे, पक्षी तिथं आहेत. आणि म्हणूनच तिथं पेव्हर ब्लॉक टाकू नका, गटार खोदू नका, पाण्याची वाट बदलली की दोन-चार उन्हाळ्यात तो पट्टा वाळून जाईल आणि मग त्या जागी ग्लिरिसिडियासारख्या परदेशी झाडाची रोपं लावायचा कार्यक्रम होईल, फोटोसकट.

दगडाच्या वर पण जीव आहे, फक्त तो बघायला खाली वाकावं लागतं. घुमटावर काळे पट्टे दिसतात ना वरून खाली ओघळल्यासारखे, ती घाण नाही, ती पाण्याच्या वाटेवर वाढलेली निळी-हिरवी शेवाळं. राखाडी-हिरवट पोपडे असतात ते दगडफुलाच्या जातकुळीतले, आपण काळ्या मसाल्यात टाकतो ते दगडफूल, त्याचे हे चुलत भाऊ. माथ्यावर उथळ खळगे असतात, पावसाळ्यात त्यात पाणी साठतं, बेडकांची पिल्लं वाढतात, बारीक बारीक पाणवनस्पती येतात आणि दिवाळीनंतर सगळं कोरडं. भेगेत मयूरशिखा नावाचं छोटं नेचं असतं, मोराच्या तुऱ्यासारखं, उन्हाळ्यात वाळून गुंडाळून बसतं आणि पहिल्या सरीला परत हिरवं. आणि काही ठिकाणी दगडावर बोटभर जाडीची माती आणि शेवाळाची चटई असते, तिला खाली काही धरायला नसतं, त्यामुळं ओली असताना कुणी पाय टाकला की अख्खी सुटून येते, आणि तेवढी माती परत जमायला किती वर्षं लागतील ते विचारू नका. कासला एवढं कुंपण आणि ऑनलाइन बुकिंग का करावं लागलं, कारण तिथं पण सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मातीचा थर असाच पातळ. तिथली गर्दी आपल्याकडं यायची नाही, पण पाय तेच असतात. वाट उघड्या कोरड्या दगडावरूनच न्यायची, चटया आणि खळगे टाळून, हे आखतानाच ठरवलं की पुढं कुंपण लागत नाही.

खर्च किती? माझ्या हिशोबानं फारच थोडा. वाट दाखवायला दगडावर ऑइलपेंटचे बाण नकोत, जिथं वळण आहे तिथं लहान दगडांची रास करून ठेवायची, गावातल्या पोरांना दोन दिवसाचं काम. झाडीत खांबावर एक छोटी पाटी. रेलिंगसाठी दगडात ड्रिल मारायचं नाही, जिथं रेलिंगची गरज पडते तिथून वाट न्यायचीच नाही. गेटपाशी एक फलक, त्यावर नकाशा, किती अंतर, किती वेळ, आणि मराठीबरोबर तेलुगू पण लिहा कारण आपल्या त्या भागात निम्मं बोलणं तेलुगूतच चालतं. पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह हे मात्र पाहिजेच, बायका आपल्याकडं फिरायला येत नाहीत याचं निम्मं कारण तेच आहे आणि हे कुठल्याच पर्यटन आराखड्यात पहिल्या पानावर नसतं.

सुरक्षेचं पण बोलतो. पावसात ओल्या काळ्या पट्ट्यावर पाय ठेवायचा नाही, कोरडा असताना तोच दगड बुटाला घट्ट धरतो आणि ओला झाला की साबणासारखा. वीज कडकडायला लागली की माथ्यावर थांबायचं नाही. मोठ्या शिळेच्या पोटाखाली आग्या मोहोळ असतं, तिथं गाणी, धूर, ड्रोन काहीच नको. दगड उलटून बघायची पोरांना सवय असते, खाली विंचू असतो. आणि एप्रिल-मेमधे सकाळी नऊनंतर वाट बंदच ठेवा, तापलेला ग्रॅनाइट संध्याकाळी उशिरापर्यंत वाफ सोडतो, आपल्याकडचं ऊन काय सांगायचं. सप्टेंबर शेवट ते फेब्रुवारी एवढे दिवस भरपूर झाले.

काही लोक म्हणतील की खाणी बंद करा असं सरळ का लिहीत नाही. खाणीत काम करणारी माणसं आपलीच आहेत, वडार समाजाच्या कितीतरी घरांच्या पिढ्या दगड फोडण्यात गेल्या, त्यांना उद्या काय सांगणार? आणि ग्रॅनाइट तर सगळ्यांनाच पाहिजे, नांदेडमधे नवीन घर बांधलं की ओटा ग्रॅनाइटचाच. (दुकानातला तो काळाभोर ग्रॅनाइट बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच, तो वेगळाच अग्निज खडक असतो, डोलेराइट वगैरे, पण बिलावर ग्रॅनाइटच लिहितात, असो.) माझं म्हणणं एवढंच की सगळ्या टेकड्या फोडायला दिल्या पाहिजेत असं कुठं लिहिलंय? जिथं जमीन वनविभागाची आहे आणि झाडी परत फुटायला लागलीय अशा दोन-तीन टेकड्या आत्ताच निवडा आणि त्यांच्याभोवती फेऱ्याची वाट आखा. एकदा शाळांच्या सहली तिथं यायला लागल्या की पुढच्या साहेबांना ती जागा लीजवर द्यायला जड जाईल.

टेकडीवर बहुतेक ठिकाणी कुठला ना कुठला देव असतो, शेंदूर लावलेला मारुती, एखादा मल्लण्णा, कुठं दर्गा. त्यांची वाट आधीपासून आहे, ती तशीच राहू द्या, नवीन वाट तिला छेदून नेऊ नका, नाहीतर पहिल्याच यात्रेत भांडण. आणि शेळ्यावाल्यांना एकदम हाकलू नका, त्यांच्याशी बसून बोला, कुठल्या बाजूला चारायचं आणि कुठली बाजू पाच-सहा वर्षं मोकळी सोडायची हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. गेटवर बसायला आणि लोकांना फिरवायला पण त्यांच्याच घरातली पोरं घ्या. शहरातून गाइड आणून काय होणार, त्याला कुठल्या शिळेखाली मोहोळ आहे ते माहीत नसतं.

देगलूरला येणारे लोक होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं बघतात आणि दुपारच्या आत परत निघतात, कारण पुढं काय बघायचं ते कुणी सांगत नाही. सकाळी सहाला टेकडीचा फेरा, मग होट्टल, मग जेवण, एवढा साधा दिवस आखला तरी दोन-चार हॉटेलं चालतील. हैदराबादहून पण लोक येतील, अकोला-नांदेड-देगलूर-संगारेड्डी हा हायवे आता झालाय, शनिवारी संध्याकाळी निघून रविवारी दुपारी घरी.

आमच्यासारखे रिटायर झालेले शिक्षक या कामाला फुकट मिळतात साहेब, आखणी करताना बोलवा, पाण्याची बाटली आणि टोपी आमची आम्ही आणू. फक्त जेसीबी येण्याच्या आधी बोलवा.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, नांदेड